पेटीतलं नाव

न्हाई हो बन्सीधरभाऊ, वायर न्हाई तुटली — स्पीकर बी चांगले हायेत, तुमच्या रेडिओला लावून तुमीच तर बघितलं. घरघर आली ना? मंग! बोलंना ती ही पेटी. कम्प्युटर म्हणा, आमी आपलं पेटीच म्हणतो. लिंगराजच्या हापिसात जुनी झाली म्हणून त्यानं पुण्याहून आणली. जुन्या मशीनला झेपंल अशी हलकी शिस्टम घातली म्हणला — फुकटची. फुकट कोण देतंय हो? मी बी हेच इचारलं. तर म्हणला, आई, करणारांनी सगळी उघडी ठेवलीय, कुणी बी बघावी, कुणी बी दुरुस्त करावी. आता वालुरात कोण करणार दुरुस्त? परभणीचा कम्प्युटरवाला म्हणला, असली शिस्टम आमी बघितलीच न्हाई. म्हणून पिंगळीहून तुमाला बोलवलं, अन् तुमी पडले रेडिओवाले — न्हाई, राग मानू नका.

सेलूच्या एसटीडीवरून बोललात ना लेकाशी? आवाजाच्या कार्डाचा नंबर अन् शिस्टमीत लिहिलेला नंबर जुळला पायजे म्हणला — जुळला? मंग गप का ही? हां, लाईट गेली की पेटी आवाज शून्यावर आणती, ते मला बी म्हणला होता. दर वखताला नव्यानं उठवावा लागतो. अन् इथं लाईट किती डाव जाती! त्याला तरी काय बोलावं, दिवाळीशिवाय सुट्टी न्हाई.

जरा बिगीनं बघा. हे दुकानातून यायच्या आत व्हायला पायजे. — का म्हंजे? ह्यांना नको असतंय. आत त्यांचाच आवाज हाय. घशाची गाठ काढायच्या आदी लिंगराजनं भरून घेतला, डॉक्टरनं सांगितलंच होतं, आवाज जाणार म्हणून. गेला. आता खोकला आला तरी गळ्याच्या भोकातून नुसती हवा येती. लेक एकडाव लावाय गेला, तर ह्यांनी त्याचा हातच धरला. डोळ्यात पाणी. तवापासून पेटीवर चादर.

तुमी परके, तुमाला काय सांगावं — पण सांगते. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावानं हाक मारली न्हाई. 'ऐकलं का', न्हाई तर 'लिंगराजची आई'. मी तरी कुठं घेते त्यांचं? दुकानाच्या पाटीवर हाय, वाचा. लग्नात बायांनी म्हणलं, नाव घ्या, तर नवरदेव मांडवातून पाणी प्यायला गेला तो आलाच न्हाई — हासू नका. तर आवाज भरला त्या दिवशी लेक म्हणला, अण्णा, आईचं नाव घ्या. अन् मी! मी लाजून चुलीकडं पळाले. भाकर करपली म्हणून खोटंच वरडले. म्हणलं, पेटीत तर हाय, कुठं जातंय, ऐकू की सावकाश.

शिवम्मा. एवढंच हाय हो. यंदा विद्यापीठाला नाव मिळालं, किती वर्सं लोकांनी मागितलं — मला बी एक नावच पायजे. त्यांच्या तोंडून. एकदाच. रात्री हे उठून बसतात, ओठ हालवतात, अन् मला कळत न्हाई पाणी मागायलेत का मला बोलवायलेत. लय जीव तुटतो.

काय दाबलं? लागलं म्हणता? आवाजाचा आकडा चढायलाय? चढवा, अजून चढवा —

अगं बाई! आले! खाकरले की दारात — ऐकलं न्हाई? उंबऱ्यात आले की खाकरतात, घरात बायामाणसं असत्यात म्हणून. बंद करा! बटणच दाबा, बटण! टाका ती चादर. — या हो, हे पिंगळीचे बन्सीधरभाऊ, रेडिओ बघायला —

कुणीच न्हाई दारात.

भाऊ... हे आता कुठले खाकरायले? हे काठी आपटतात उंबऱ्यावर. मंग ते पेटीतलं होतं? बोलायच्या आदी घसा साफ केला त्यांनी — म्हंजे पुढं नावच होतं की हो! अन् मीच बंद करा म्हणले! लावा, परत लावा, शून्यापासून तर शून्यापासून — किती वखत लागंल? मी च्या टाकते, तुमी —

थांबा.

वाजली काठी.

राहू द्या. चादर नीट करा. मागच्या दारानं निघा तुमी.