निळी पिशवी

राजाजीनगरच्या बसथांब्यावर मधुकरराव औषधांच्या दुकानाची निळी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चहूकडं कानडी चाललेली, आणि शेजारी दोन मुली मराठीत बोलायला लागल्या, तसे त्यांनी कान टवकारले. एकीच्या हातात फार्मसीचं नवंकोरं सर्टिफिकेट होतं, दुसरीच्या अंगावर त्याच निळ्या दुकानाचा टी-शर्ट.

"महानंदाअक्का, दोन्ही दुकानांच्या कंपन्यांकडनं नोकरीचं बोलावणं आलंय. निळी घेऊ की हिरवी?"

"हिरवीत दहा तास उभं राहायचं. माझे पाय सुजले, तेव्हा सोडली."

"मग निळी बरी."

"निळीत स्टूल आहे."

"आणि?"

"ताकदीच्या पावडरचे डबे आहेत, कंपनीचे. येईल त्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात मारायचे."

"नको म्हणाले तर?"

"मराठी गिऱ्हाईक माझ्याकडंच पाठवतात. काका म्हणायचं, गाव विचारायचं. मग त्यांना नाही म्हणवत नाही."

"तुला हे जमतं?"

"पहिला आठवडा जेवण जात नव्हतं. आता जातंय."

"चार वर्षं कशाला शिकलो गं आपण?"

"निळीच घे रंजिता. स्टूल तरी आहे."

बस आली. मधुकरराव उठता उठता थांबले. "तुम्ही चढा आधी, मुलींनो."

महानंदा वळली. तिचा चेहरा उजळला.

"अय्या, मराठी? सावकाश या, काका. गाव कुठलं तुमचं?"

मधुकररावांनी पावडरच्या दोन डब्यांची ती जड पिशवी पाठीमागं घेतली. गाव काही सांगितलं नाही.