शेवटच्या रांगेपर्यंत

हॅलो?… हं, बोल ताई… अगं हळूच बोलतेय, विंगेत उभी आहे, तालीम चालू आहे… काय? चिमीचा फोन आला होता? रडत होती?… रडणारच! मी तिची मावशी नसते, नुसती आवाजाची मास्तरीण असते, तरी रडले असते…

अगं ऐक ना! आमच्या दिग्दर्शक महाशयांना आज साक्षात्कार झालाय. म्हणे, चिमीचा आवाज घोगरा. तिचं वाक्य दुसऱ्या मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करायचं, स्पीकरवर लावायचं आणि आपल्या पोरीनं नुसते ओठ हलवायचे!… हो, ओठ! मासोळीसारखे!

काय म्हणालीस? 'स्टेजवर दिसेल तरी'?… ताई, आई आहेस ना तिची? नुसतं दिसायचंच असेल तर फोटो लाव तिचा दारात!

अगं, काम काय आहे तिचं? खाण कोसळलीय, नवरा आत अडकलाय, ही फाटकाशी उभी. एकच वाक्य. 'दार उघडा, माझं माणूस आत आहे.' हे गोड आवाजात म्हणायचं? दूधवाल्याला हाक मारतेय का ती?

हो, हो… माहितेय मला, तूही तेच सांगत आलीस. पाहुण्यांसमोर हळू बोल, आवाज फार जाड आहे तुझा… म्हणून तर पोर घशातल्या घशात बोलायला लागली! तो आवाज पोटापर्यंत उतरवताना माझ्या नाकी नऊ आलेत. उताणी झोपवून पोटावर उशी ठेवायची, श्वासानं उशी वर गेली पाहिजे… हसतेस काय? वर्गातली पोरंही हसायची. आता तिचं वाक्य आलं की तीच गप्प होतात!

आणि या माणसाला आवाजातलं ओ की ठो कळत नाही. शेवटच्या रांगेत पाय पसरून बसायचं आणि म्हणायचं, इथवर पोचत नाही! पोचेल कसं? तिनं तोंड उघडलं की हा 'थांबा' म्हणून ओरडतो! आधी कान धुऊन ये म्हणावं… छे गं, त्याला कुठलं ऐकू जातंय? कुजबुजतेय मी…

एक मिनिट ताई.

काय सर?… सगळं?… कानाचंसुद्धा?

ताई, मेले. तिथवर अक्षरन् अक्षर पोचलं. शेवटच्या रांगेत जाईल अशी कुजबूज पोरांना शिकवता शिकवता, मला मेलीला आता हळू बोलताच येत नाही!

हो सर… नाही, माफी नाही मागणार. माझी कुजबूज माइकशिवाय पोचली ना तुमच्यापर्यंत? मग हिलाही मीच शिकवलंय. एकदा, फक्त एकदा, मध्ये न थांबवता ऐका… चिमी! ये इकडे. डोळे पूस. ओरडायचं नाही हं, पोटातून… ताई, ठेवू नकोस, फोन स्टेजकडे धरतेय…

…ताई?

ताई, ऐकलंस?… आहेस ना?… हो गं, चिमीच. दुसरी कोण असणार? तुझीच लेक…

सर?… उभे राहिलेत नुसते… थांब, रेकॉर्डिंगवाल्याला हातानंच नको म्हणतायत. वायर गुंडाळायला लागला तो.

आता तू कशाला रडतेस?… हो, उद्या ये ना प्रयोगाला… छे, पुढची खुर्ची मुळीच नाही मिळायची. शेवटच्या रांगेत बस. ठेवते.