शंभर किलो दोनशे ग्रॅम

...आणि वर मलाच विचारतात, "फार लागलं का हो?" नाही! गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर मी हौसेनं घातलंय! हसताय? हसा. तुम्हाला साडू नसेल म्हणून हसताय. तुम्हाला सांगतो, माणसाला कसलाही शत्रू असावा, पण आपल्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं फिजिक्सच्या प्रोफेसरशी लग्न केलेलं नसावं!

मी काटेवाला. म्हणजे वजनकाटे तपासतो, दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. सोनाराचा काटा असो नाहीतर गोदामातला, माझ्या हाताखालून गेला की शून्य म्हणजे शून्य. आणि साडू कॉलेजात शिकवतात. सासऱ्यांच्या घरी ते आले की सासूबाई आधी पंखा लावतात. मी आलो की म्हणतात, "बरं झालं आलात, तो नळ बघा जरा." बघितला. नळ बघितला, फ्यूज बघितला, खिडकीची कडी बघितली, तक्रार केली का मी? नाही केली. पण ते कपाट!

सहा महिन्यांपूर्वी सासऱ्यांनी लोखंडी कपाट घेतलं. राहायला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शंभर किलो दोनशे ग्रॅम. अंदाजानं सांगत नाही हं, दुकानातच प्लॅटफॉर्मवर चढवून तोललं मी, आरशासकट, ड्रॉवरसकट. उचलायला कोण? दोन जावई. साडू काय करतात, तर टुणकन दोन पायऱ्या वर जाऊन उभे! जिन्यात कपाट तिरकं झालं की भार खालच्या माणसावर येतो, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक, मला कमरेतून कळलं. खालचं टोक कोणाकडे? माझ्याकडे!

बरं, गप्प तरी चढावं? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. "थांबा हो, एक गंमत सांगतो." आत्ता? शंभर किलो छातीवर घेऊन गंमत? "हे जड का आहे, कधी विचार केलाय?" म्हटलं, वजन आहे म्हणून! तर कसे हसले माहितीये? नाकातून. "तुमचा धंदा वजनाचा हो. मी वस्तुमानाबद्दल बोलतोय. तो जरा वेगळा विषय आहे, तुम्हाला नाही झेपायचा."

नाही झेपायचा! खाली भार झेपतोय कोणाला मग? वर दारात सासरे ऐकतायत, सासूबाई ऐकतायत, तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घालून बाहेर आलाय, आणि यांचं चालूच: "सगळ्या विश्वात एक क्षेत्र पसरलंय, हिग्ज क्षेत्र. कणांना वस्तुमान येतं ते त्याच्यामुळे. हे कपाट, तुम्ही, मी... सगळं, सगळं वस्तुमान तिथूनच येतं! ते क्षेत्र कसं पसरलंय, तर असं..." आणि 'असं' म्हणताना दोन्ही हात पसरले हो त्यांनी! दोन्ही! कपाट सोडून!

हा अंगठा. भिंत आणि कपाट यांच्या मधोमध. नख असं काळंठिक्कर पडलं. आणि सासरे काय म्हणाले? "किती सोपं करून सांगता हो तुम्ही, प्रोफेसर!" त्याच क्षणी ठरवलं. हे काळं नख वाढून पुढे सरकेल, गळेल, त्याच्या आत सूड. याच घरात, याच माणसांसमोर, याच विषयात. तोपर्यंत रोज दाढी करताना नखाकडे बघायचो. बायको म्हणायची, "औषध लावा." म्हटलं, औषध माहितीये मला!

आता योग बघा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला बारीक काटा तपासायला मी दर सहा महिन्यांनी जातो. तिथे एक संशोधक बाई आहेत. काटा उघडता उघडता सहज विचारलं, मॅडम, सगळं वस्तुमान त्या हिग्जचंच का हो? त्या म्हणाल्या, "सगळं? कोण म्हणालं सगळं?"

अहाहा! कानात मध ओतला कुणी तरी! मी पाना खाली ठेवला. तुम्हाला सांगतो, पुढचा पाऊण तास मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. बाई म्हणाल्या, "प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क धरा. त्यांना जे स्वतःचं वस्तुमान आहे, ते हिग्जमुळे. पण तिघांची बेरीज करा, प्रोटॉनच्या शंभरातला जेमतेम एक भाग भरतो." मी म्हटलं, थांबा मॅडम! भाग तोलले तर एक किलो आणि अख्खी वस्तू ठेवली तर शंभर? असा काटा मी सील करून परत पाठवतो! त्या म्हणाल्या, "काटा बरोबर आहे काका. बाकीचं वजन धावपळीचं आहे. क्वार्क आत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळतायत, ग्लुऑन त्यांना खेचून धरतायत, ती सगळी ऊर्जा एवढ्याशा जागेत कोंडलीय. कोंडलेली ऊर्जा म्हणजेच वस्तुमान. न्यूट्रॉनचंही तसंच."

म्हणजे कपाट रिकामं असलं तरी आत लग्नघर! मी विचारलं, शंभर किलोच्या कपाटात हिग्जचं किती? "एक किलो. फार तर सव्वा." सव्वा किलो! अंगठ्यावर ओढूनताणून सव्वा किलो हिग्जचं, आणि हा माणूस 'सगळं' म्हणाला! पुढचे तीन महिने मी वाचलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली, आरशासमोर उभं राहून बोललो, साडूंचा चेहरा कसा पडेल ते स्वतःच पाडून बघितलं.

सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. सगळे जमलेले, शिंपीसुद्धा. नख गळायला आलेलं, टोकाला थोडीशी काळी रेघ बाकी. मी गरीब गाईसारखा चेहरा करून म्हटलं, प्रोफेसरसाहेब, ते वस्तुमानाचं परत सांगा ना, बाबांना फार आवडलं होतं. फुलले! उठून उभे राहिले हो! "सगळं वस्तुमान हिग्ज क्षेत्रातून..."

"किती टक्के?"

बस्स. एवढंच विचारलं मी. साडू म्हणाले, "टक्के म्हणजे?" मग मी सोडलाच नाही. क्वार्क काढले, बेरीज मांडली, ग्लुऑन काढले. त्यांनी एक धडपड केली, "पण हिग्ज नसता तर इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसतं, अणूच बांधला गेला नसता!" मी म्हटलं, मान्य! एकदम मान्य! पण तुम्ही त्या जिन्यात 'सगळं' म्हणालात! माझ्या अंगठ्याची शपथ, 'सगळं' म्हणालात! आणि अंगठा वर केला. शिंपी म्हणाला, "म्हणाले होते, मी ऐकलंय." साडू लालबुंद. खाली बसले. सासूबाई उठल्या... आणि माझ्याकडचा पंखा लावला! तीस वर्षांत पहिल्यांदा! असा गार वारा मी आयुष्यात खाल्ला नाही.

इथंच घरी जायला हवं होतं. पण सासरे म्हणाले, "धाकटे जावई, तुम्ही तर कमाल केलीत. सगळे जमलेच आहात, तर एक काम उरकू. गुडघ्यांमुळे आम्ही तळमजल्यावरची जागा घेतलीय... ते कपाट तेवढं खाली न्यायचं."

साडू शांतपणे उठले. कपाटाजवळ गेले. आतला ड्रॉवर ओढून काढला आणि म्हणाले, "माझी चूक मला मान्य आहे. हिग्जचा वाटा सव्वा किलो. तो मी नेतो. नव्व्याण्णव टक्क्यांचा शोध यांचा, ते यांनी न्यावेत." आणि घर हसलं हो! माझ्याच विजयावर! मी ड्रॉवर हातात घेऊन बघितला. नेमका सव्वा किलो.

वरचं टोक आमच्या हिनं धरलं. उतरताना खालचं टोक कोणाकडे? विचारूच नका. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ही थांबली. "अहो, मघाशी किती छान बोललात! पण ते ग्लुऑन नाही कळले हो मला." मागून साडू, ड्रॉवर काखेत मारून: "सांगा ना, सोपं करून सांगा!"

सासरे वरून बघतायत. शिंपी बघतोय. माझी बायको पहिल्यांदाच माझ्याकडे प्रोफेसर असल्यासारखी बघतेय. म्हटलं, अगं सोपं आहे, क्वार्क लांब जायला लागले की ग्लुऑन त्यांना खेचून धरतात, कसं, तर असं...

आणि दोन्ही हात पसरले हो मी! दोन्ही!

पायावर शंभर किलो कोसळलं म्हणून बोंब मारली, तर साडू वरून ओरडतात, "शंभर कुठलं? ड्रॉवर माझ्याकडे आहे!"

बरोबर आहे त्यांचं. अठ्ठ्याण्णव किलो नऊशे पन्नास ग्रॅम. काट्याच्या माणसाला खोटं बोलता येत नाही.