एकाचाच व्हिसा

रुचिता : दोघांनी एकदम अप्लाय नका करू, मावशी. दोघंही निघालात तर व्हिसावाले विचारणार, मागे कोण उरलं? एक जण घरी राहिला की परत येण्याचं कारण दाखवता येतं.

अनसूया : मंग यांचंच नाव लिव, बाय. काशीनाथ.

काशीनाथ : माझं नको. ती आई हाय त्याची. ती जाईल.

रुचिता : आधी ठरवा, काका. भाईंदरला माझ्या ऑफिसात पुन्हा फेरी नको तुम्हाला. पोर्तुगालहून आलेलं पत्र मी नीट वाचलंय. तुमच्या साहिलचा डीएनए आत्ता जुळला, पण समुद्रात सापडलेला देह पुरलाय तीन वर्षांपूर्वी, बेवारस म्हणून. ऑक्टोबरमध्ये ती कबरीची जागा रिकामी करणार. त्याआधी घरच्या कुणी जाऊन सही केली तर अस्थी हातात देतील. नाहीतर बाकीच्या बेवारसांच्या अस्थींत टाकतील.

अनसूया : ऐकलंत?

काशीनाथ : ऐकलं.

रुचिता : विमा, परतीचं तिकीट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ते सगळं मी बघते. बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतः जावं लागेल. काका, विमानाची भीती वाटतेय का?

काशीनाथ : चाळीस वर्सं दर्यात काढली, पोरी.

अनसूया : भीती कसली. यांना होडी सोडवत न्हाय. दुपारचं जेवले की आमच्या पालीच्या किनाऱ्यावर जातात, नि वर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसतात. सांगा तिला, कशापायी ते.

काशीनाथ : काय सांगू?

अनसूया : मला सांगता ते.

काशीनाथ : तो येतो. होडीतलं पानी उपसतो. डबा लाकडावर खरवडल्याचा आवाज येतो. वाकून बघावं, तर आत कोरडं ठणठणीत.

रुचिता : साहिल? काही बोलतो?

काशीनाथ : न्हाय. जहाजावर नोकरीला निघाला त्या दिवशी मी म्हटलेलं, बापाची होडी टाकून जातोस, आता तोंड दाखवू नको. न्हाय दाखवत.

रुचिता : काका...

काशीनाथ : मी तिकडं गेलो नि तो इकडं आला, तर? होडीजवळ कोण?

अनसूया : मी बसेन.

काशीनाथ : तुला ऐकू येत न्हाय.

अनसूया : न्हाय येत. तीन वर्सं कान लावून हाय. बोंबील वाळत घालताना, पानी भरताना. 'आये' म्हणून एक हाक न्हाय. नऊ महिने मी वागवला, नि येतो तुमच्याकडं. का, तर माझ्याशी त्याचं काय उरलंच न्हाय. उरलंय ते तुमच्याशी. मी गेले तर अस्थी आणीन. पन तो डब्याचा आवाज काय थांबायचा न्हाय.

(काशीनाथ टेबलावरच्या दोन पासपोर्टांकडे बघत राहतो. मग एक उचलून रुचितापुढे सरकवतो.)

काशीनाथ : लिव माझं नाव.

रुचिता : लिहिते. पत्रात म्हटलंय, कामाला दोन दिवस लागतील. मी चार दिवसांचा मुक्काम दाखवू?

काशीनाथ : जास्त माग. तो लगेच बोलायचा न्हाय.