फाटकावरचा बोर्ड

(हिंजवडीजवळचं जांबे गाव. दुपारचे तीन. घरमालक कोंडिबा तांदळाची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या, अनिमेषच्या दारात उभे.)

अनिमेष: आबा, पिशवी परत न्या. खरंच नको.

कोंडिबा: घरचा इंद्रायणी हाय, इकत आनल्याला न्हाई. ठिवा तितं कट्ट्यावर. आनि शब्द टाका म्हनतोय तर त्यात वंगाळ काय? माजी लेक हाय, कुनी परकी न्हाई.

अनिमेष: शब्द टाकून होण्यासारखं नाहीये ते.

कोंडिबा: का? तुमच्या कंपनीनं तीन येळा मुलाखत घेतली तिची, तिसरी तर तुमीच घेतली. खालच्या खोलीत बसून 'सर, सर' करत हुती. एरवी दादा म्हनती तुमाला. मी गोठ्यात म्हशीला गोंजारत उभा, वरडू नये म्हनून.

अनिमेष: मला सगळं ऐकू येत होतं. तिचं उत्तर आधी खालून खिडकीतून यायचं, मग लॅपटॉपमधून. एकाच वायफायवर दोघं, त्यामुळे आवाज मागे पडायचा. हसू दाबून बसलो होतो मी.

कोंडिबा: मग? चुकली का कुटं?

अनिमेष: नाही. एका प्रश्नाला म्हणाली, हे मला येत नाही, पण असं असं शोधीन. पाच महिन्यांत एकतीस मुलाखती घेतल्या मी. 'येत नाही' म्हणणारी ती एकटी. बाकीचे पडद्याच्या कोपऱ्यात बघून वाचतात, एआयच्या यंत्राने लिहून दिलेलं. मी तरी काय, प्रश्न यंत्रानेच काढून दिलेले विचारतो. कंटाळा आलाय, आबा.

कोंडिबा: ते तुमचं तुमी बघा. माजं काम एवढंच हाय. पौडच्या पतसंस्थेनं तिला कंपूटरवर घेतलीया. येनार का न्हाई, ते आज पाचच्या आत कळवायचं. ही न्हाई म्हनून कळवनार हाय. म्हनती, तुमचं हिंजवडीचं हुनार, तिसरा राऊंड भारी झाला.

अनिमेष: 'नाही' म्हणून कळवणार? आजच?

कोंडिबा: व्हय. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं म्हंजी जिवाला धाकधूक लागती. म्हनून वर आलो. हुनार का न्हाई, एवढंच सांगा.

अनिमेष: बसा जरा.

कोंडिबा: बसायचं काय त्यात?

अनिमेष: जागाच नाहीये, आबा.

कोंडिबा: भरली?

अनिमेष: नव्हतीच कधी. जाहिरात आहे, जागा नाही.

कोंडिबा: मग तीन-तीन येळा बोलावलं कशाला पोरीला?

अनिमेष: कंपनी वाढतेय असं बाहेर दिसायला हवं. आत नऊ जणांचं काम आम्ही पाच जण ओढतो. आम्हाला वाटायला हवं की माणसं येतायत. आणि हेही वाटायला हवं की बाहेर रांग लागलीय, जास्त बोलाल तर तुमच्या खुर्चीत दुसरा बसेल.

कोंडिबा: आनि हे तुमाला ठावं हुतं.

अनिमेष: आधी नव्हतं. यादीत आरोहीचं नाव दिसलं तेव्हा मी वरच्यांना कळवलं की ही माझ्या घरमालकांची मुलगी, मी मुलाखत घेणं बरं नाही. तर म्हणाले, घेऊन टाक रे, कुठे कुणाला घ्यायचंय आपल्याला. तेव्हा कळलं.

कोंडिबा: कळल्यावर बी घेतली.

अनिमेष: घेतली.

कोंडिबा: लगीन ठरल्यालं पोरगं घिऊन पोरगी बघायला यायचं, पोहे खायाचे, कळवतो म्हनायचं आनि जायाचं. आमच्यात असल्याला पायतान दावत्यात. बारा दिस झाले, फोन उशाला घिऊन झोपतीया ती. तिच्या आईनं नवा ड्रेस शिवून ठिवलाय, पयल्या दिवसाला. लाज न्हाई वाटत?

अनिमेष: वाटते. पण रोज कुणाला तरी म्हणतो, छान बोललात, आम्ही कळवू. आणि रात्री झोप लागते. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

कोंडिबा: आता हे मला सांगितल्यालं कंपनीला कळलं तर?

अनिमेष: मग एक जागा खरीच रिकामी होईल.

कोंडिबा: चेष्टा नका करू.

अनिमेष: नाही करत. पाचला ती पौडला नाही म्हणणार होती. गप्प कसा बसू?

कोंडिबा: मान्साला आशा लावून ठिवायची आनि आत जागाच न्हाई. असला धंदा आमी न्हाई बघितला.

अनिमेष: फाटकावर बोर्ड आहे, आबा. 'खोली भाड्याने देणे आहे'. सहाच्या सहा खोल्या भरल्यात. मी राहायला आल्यापासून तो तिथेच आहे.

कोंडिबा: बोर्डाची गोष्ट येगळी.

अनिमेष: मागे तुम्ही भाडं वाढवलंत, तेव्हा मी भांडायला खाली उतरलो होतो. बोर्ड दिसला, आणि गुपचूप परत वर आलो.

कोंडिबा: भाडेकरू जरा वळनात ऱ्हातो. आख्खी आळी ठिवती बोर्ड.

अनिमेष: आमच्याकडेही असंच म्हणतात. सगळेच ठेवतात.

कोंडिबा: कुनाचं काय जातंय त्यात?

अनिमेष: परवा भर उन्हात एक जोडपं आलं होतं. कडेवर मूल, दोन बॅगा.

कोंडिबा: पानी दिलं मी त्यानला.

अनिमेष: बघितलं मी वरून.

कोंडिबा: म्हनलं, आत्ताच गेली खोली. बाई म्हनली, रिकामी झाली तर कळवाल का, आनि कागदावर नंबर लिहून दिला. सदरा धुतला तवा खिशातनं निघाला, पार लगदा झाल्याला.

अनिमेष: आणि आरोहीला कोण सांगणार?

कोंडिबा: आरोहीला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगनार.

अनिमेष: बोलवा.

कोंडिबा: आरोही. वर ये गं जरा.

आरोही: काय आबा? दादा, मेल आला का?

अनिमेष: नाही आला. येणार नाही. ती जागा नव्हतीच, आरोही. मला माहीत होतं, आणि तरी पाऊण तास तुला प्रश्न विचारले.

आरोही: म्हणजे दुसऱ्या कुणाचं झालं?

अनिमेष: कुणाचंच नाही. होणारही नव्हतं.

आरोही: तुम्ही मधेच गप्प झाला होतात. मला वाटलं, नेट गेलं.

अनिमेष: नेट नव्हतं गेलं.

आरोही: आणि शेवटचं उत्तर? ते खरंच बरोबर होतं, की तेही उगाच म्हणालात?

अनिमेष: बरोबर होतं. घ्यावी, असं लिहिलंय मी फॉर्ममध्ये.

आरोही: कुणी वाचलं का ते?

अनिमेष: नाही.

आरोही: किती वाजले, आबा?

कोंडिबा: साडेतीन बी न्हाई झाले. लई येळ हाय.

आरोही: पौडला फोन करते, येतेय म्हणून. दादा, पुढच्या वेळी कुणासमोर बसाल, तर त्याला आधीच सांगा. महिना महिना अभ्यास करतो आम्ही.

अनिमेष: सांगीन. ही पिशवी ने खाली.

कोंडिबा: ऱ्हाऊ द्या तांदूळ. आता काय शब्द टाकायचा न्हाई तुमाला, खावा निवांत. आरोही, फोन झाला की फाटकाला शिडी लाव, आनि पक्कड आन.

आरोही: कशाला?

कोंडिबा: बोर्ड काढायचाय. तार गंजलीया, हातानं सुटायची न्हाई.