हिरवं बटण कुठलं?

तळेगावच्या सुहासच्या कॉम्प्युटर दुकानात रांगेत माझ्यापुढं टाकवे गावच्या शुभदाताई होत्या. त्यांना दिसत नाही. त्यांचा लॅपटॉप पडद्यावरचं वाचून दाखवतो.

"सुहासभाऊ, ह्यो अँटिव्हायरस काढा. वाचणारा प्रोग्रामच ह्येनं व्हायरस समजून बंद केला. लॅपटॉप मुका झालाय, आन् पोरींचे कॉलेजचे फॉर्म आजच भरायचेत."

"हा दुसरा टाकतो. सोपा आहे, हिरवं बटण दाबलं की झालं."

"मग पडदा बंद करून तुमीच दाबा बरं."

जुना काढल्यावर लॅपटॉप बोलू लागला. सुहासनं नवा टाकून पडदा बंद केला.

"बटण. बटण. बटण," लॅपटॉप म्हणाला.

"ह्यात हिरवं कुठलं, भाऊ?"

"कळत नाही, ताई. तिसरा लावून, पडदा परत बंद करून बघतो."

"तपासणी सुरू करा, बटण," लॅपटॉप म्हणाला.

"ह्योच ऱ्हाऊ द्या."

"पडदा चालू करू?"

"तुमाला लागत असंल तर करा. मी फॉर्म भरायला घेते."