उजवा हात रुक्माबाईचा

रुक्माबाई : मला ह्या सुरांच्या कागदावरच्या काळ्या मुंग्या कळायच्या न्हायत. पाद्रीसाहेब धारवाडचा वाजवनारा आनतो म्हनत्यात, आनू दे की.

मारुतीराव : अगं, कॅम्पातल्या समद्यांच्या लेकींच्या लग्नात मी पियानो वाजवला. आनि आपल्या शालनच्या लग्नाला परका मानूस बसवू? उजव्या अंगावरनं वारं गेलं माझ्या, डावा हात शाबूत हाय. उजव्या हाताचं तू वाजव.

रुक्माबाई : आनि चुकलं तर? भर चर्चमधी लेकीचं हसं व्हईल.

मारुतीराव : महिना हाय अजून. बस हितं, माझ्या उजवीकडं. ह्या पाच रेघा बघ. एक सूर रेघेवर बसतो, दुसरा दोन रेघांच्या मधी. जसा वर चढंल तसा आवाज बारीक.

रुक्माबाई : आनि ह्यो एकटाच खाली, आपली आखूड रेघ घिऊन बसलाय त्यो?

मारुतीराव : त्यो मधला सी. ही त्याची पट्टी, हिच्यावर अंगठा ठेव. बोटं ताठ नकोत, तळव्यात लिंबू धरल्यागत गोल.

रुक्माबाई : उचगावच्या रानात खुरपं धरलेली बोटं ही. गोल कुठली व्हत्यात!

मारुतीराव : झाली की, बघ. आता भरीव ठिपका एक मोजायचा, पोकळ ठिपका दोन. मोठ्यानं मोज.

रुक्माबाई : एक... दोन... तीन, चार... एक... अगं बाई, गेलं!

मारुतीराव : जाऊ दे. सगळं पहिल्यापासनं नको. ह्या दोन उभ्या रेघांच्या मधलं एक घर, तेवढंच परत. सावकाश.

रुक्माबाई : शालनला शिकवताना लई रागवायचा तुमी. रडायची पोरगी.

मारुतीराव : तवा मला दोन हात होते.

रुक्माबाई : ...असं बोलू नगा. बरं, परत वाजवते. तुमचा हात लावा की संगट.

मारुतीराव : आज न्हाय. आधी तुझा एकटीचा नीट चालू दे, मग दोन्ही जुळवू.

रुक्माबाई : महिन्यात जुळंल?

मारुतीराव : आपलं जुळलं, मग ह्ये का न्हाय?

रुक्माबाई : आपल्याला त्याच्याहून लई येळ लागला.

(लग्नाचा दिवस. चर्चमध्ये पियानोसमोर एकाच बाकावर दोघं.)

रुक्माबाई : अवो, समदं चर्च आपल्याकडंच बघतंय.

मारुतीराव : बघू देत. तू लोकांकडं बघू नको. अंगठा ठेव. एक, दोन...

रुक्माबाई : बरं चाललंय?

मारुतीराव : लई ग्वाड चाललंय. मोजत ऱ्हा.

रुक्माबाई : मागचं दार उघडलं वाटतं.

मारुतीराव : व्हय. शालन आली. मामाचा हात धरून येतीया.

रुक्माबाई : कशी दिसतीया?

मारुतीराव : तूच बघ.

रुक्माबाई : कशी बघू? मान वळवली की सूर सुटंल माझा.

मारुतीराव : सुटू दे गं. डोळं भरून बघ लेकीला. तवर माझा हात चालू हाय.